कामाचा व्हिसा: पगाराआधी बघा, तो कुणाशी बांधलाय

परदेशातल्या नोकरीची बोलणी आपल्याकडे पगारापासून सुरू होतात. दुबईत अमुक दिरहम, जर्मनीत अमुक युरो. पण पगार करारात असतो आणि माणूस राहतो व्हिसावर. करार मोडला तर दुसरी नोकरी शोधता येते, पण ती शोधायची मुभा आहे की नाही हे व्हिसाच ठरवतो. म्हणून कुठल्याही देशाचा कामाचा व्हिसा समोर आला की आधी चार गोष्टी बघा: तो कुठल्या मालकाशी बांधलेला आहे, कुठल्या कामासाठी आहे, किती दिवसांचा आहे, आणि मालक बदलायचा झाला तर काय करावं लागतं. प्रकारांची नावं शेकडो आहेत, पण या चार उत्तरांनी त्यांची ओळख पटते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून परदेशी जाणाऱ्यांत उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यांतले मशिनिस्ट आणि वेल्डर आहेत, नर्सिंग झालेल्या मुली आहेत, गोव्याच्या हॉटेलांत हात बसलेले कुक आहेत, इंजिनिअर आहेत. प्रत्येकाचा व्हिसा वेगळा, तरी अडचण बहुतेकदा एकाच ठिकाणी येते, ती म्हणजे घरच्या कागदांत.

पहिली पायरी: कागद, आणि त्यात दोन राज्यांचा घोळ

सीमाभागातल्या माणसाचे कागद सहसा एका राज्याचे नसतात. दहावी कर्नाटक बोर्डाची, बारावी गडहिंग्लज किंवा कोल्हापूरची, पदवी शिवाजी विद्यापीठाची, रेशनकार्ड कन्नडमध्ये, आणि आधारवर पुण्याचा पत्ता. व्हिसा अधिकारी यातला इतिहास बघत नाही. त्याला फक्त नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव जुळलेलं हवं असतं.

नावापासून सुरुवात करा. कर्नाटकातल्या शाळांत नावापुढे किंवा मागे नुसती आद्याक्षरं लिहायची पद्धत आहे, महाराष्ट्रात स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण लिहितात. त्यामुळे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनावाच्या जागी एखादं अक्षर आणि पदवीवर पूर्ण नाव, असं सर्रास दिसतं. त्यात कन्नडमधून इंग्रजीत येताना स्पेलिंग बदलतं. चव्हाणमधला 'ह' गळतो, जाधवमधला 'ध' कधी 'द' होतो. सगळे कागद टेबलावर मांडा आणि एका कोऱ्या पानावर प्रत्येकावरचं स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा. बहुमत कशाला आहे ते न बघता दहावीच्या गुणपत्रिकेवर काय आहे ते बघा, कारण जन्मतारीख आणि नावासाठी बहुतेक ठिकाणी तीच धरली जाते. पासपोर्ट तिच्याशी जुळवा आणि बाकीचे कागद पासपोर्टशी.

पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकाच नावाचा पासपोर्ट असलेल्या प्रवाशांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश देणं थांबवलं. रहिवासी व्हिसावाल्यांना तो नियम लागू नाही, पण विमानतळाच्या काउंटरवर हा फरक समजावत बसण्यापेक्षा आधीच दुरुस्ती केलेली बरी.

जन्मगावाचाही प्रश्न येतो. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्यामुळे जुन्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि नव्या पासपोर्टवर दुसरं असतं. एवढ्यावरून व्हिसा सहसा नाकारला जात नाही, पण अर्ज भरताना मात्र पासपोर्टवर जे छापलंय तेच लिहा. आपल्या मनाला पटणारं किंवा सवयीचं नाव तिथे लिहू नका.

पासपोर्टसाठी बेळगावला पोस्टातलं सेवा केंद्र आहे, मोठं केंद्र हुबळीला आणि प्रादेशिक कार्यालय बेंगळुरूला. गेल्या वर्षभरात पुण्यात किंवा कोल्हापुरात राहिला असाल तर तो पत्ता लपवू नका. पोलीस पडताळणीत घरी कुणी नाही असा शेरा पडला की फाईल महिनोन्‌महिने अडकते. पोलिसांच्या दाखल्याचंही तसंच.

ग्रामपंचायतीचा जुना जन्मदाखला फक्त कन्नडमध्ये असेल तर प्रमाणित भाषांतर करून घ्या आणि भाषांतरकाराच्या हातात पासपोर्टची प्रत द्या. नाहीतर तो कन्नड उच्चारावरून स्वतःचं स्पेलिंग लिहील आणि तुमच्या फाईलमध्ये आणखी एक नाव वाढेल.

दुसरी पायरी: पासपोर्टवरचा शिक्का समजून घ्या

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' लिहिलेलं असतं, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते. ही परवानगी १८ देशांसाठी आहे. त्यात सौदी, अमिरात, कतार, कुवेत, ओमान, बहरीन हे सहाही आखाती देश येतात, शिवाय मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, इराक, जॉर्डन, लेबनॉन वगैरे. दहावी पास असाल किंवा मान्यताप्राप्त संस्थेतला दोन वर्षांचा अभ्यासक्रम झाला असेल तर ही अट निघते.

आयटीआय झालेल्यांनी इथे नीट लक्ष द्या. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत आणि वेल्डर एका वर्षाचा. आठवी पास मुलगा वेल्डर होतो, हातात सरकारी प्रमाणपत्र येतं, पण एक वर्षाच्या त्या कागदावर ईसीआर सुटत नाही. पुढे जर्मनीच्या बाबतीतही हाच एका वर्षाचा फरक आडवा येतो. वय आणि वेळ हातात असेल तर बाहेरून दहावी करून घ्या. कुठल्याही एजंटला पैसे देण्याआधी करण्यासारखं हे पहिलं काम आहे.

ईसीआर असणं हा डाग नाही. उलट त्यात संरक्षण आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली ई-मायग्रेट पोर्टलवर मालकाचा करार नोंदवावा लागतो. प्रवासी भारतीय बीमा योजना काढावी लागते. तिचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. काही एजंट हे टाळायला भेटीच्या व्हिसावर पाठवतात आणि तिकडे बदलून घेऊ म्हणतात. तसं गेलात की करार नोंदलेला नाही, विमा नाही, आणि वकिलातीच्या दफ्तरी तुम्ही पर्यटक. नर्सच्या पासपोर्टवर ईसीआर नसलं तरीही या १८ देशांत नोकरीला जाताना २०१५ पासून ई-मायग्रेटची वाट धरावी लागते आणि भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फत होते. खाजगी एजंट नर्सला थेट आखाती इस्पितळात लावून देतो म्हणाला तर तिथेच थांबा.

तिसरी पायरी: एजंट

ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर एजंटचं नाव किंवा परवाना क्रमांक टाकला की परवाना चालू आहे, संपलाय की निलंबित आहे ते दिसतं. बेळगावात किंवा निपाणीत बसून मुंबईच्या कंपनीसाठी माणसं गोळा करणारा मधला माणूस कायद्याच्या हिशोबात कुणीच नाही. त्याच्याकडे मुंबईच्या परवान्याची झेरॉक्स असते, पण त्याला दिलेल्या पैशाची जबाबदारी परवानाधारकावर येत नाही. नोंदणीकृत एजंट कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो, आणि पावती द्यावीच लागते. दीड-दोन लाखांत 'व्हिसा विकत' घेणारे गावोगाव आहेत. त्यातले कित्येक जण पहिलं वर्षभर नुसतं ते कर्ज फेडत राहतात.

क्रूझवर किंवा मालवाहू जहाजावर नोकरी म्हणून गोव्यातून विचारणा आली तर परवाना वेगळा असतो. जहाजावरच्या भरतीला नौवहन महासंचालनालयाचा 'आरपीएसएल' परवाना लागतो, तोच मागा.

चौथी पायरी: शिक्के कुठून मारायचे

शिक्का म्हणजे कागद खरा असल्याची सरकारी साक्ष. कागद ज्या राज्यात निघाला त्या राज्यात त्याचा पहिला शिक्का पडतो. तुम्ही राहता कुठे याच्याशी त्याचा संबंध नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, राणी चन्नम्मा किंवा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची पदवी असेल तर बेंगळुरू, शिवाजी विद्यापीठाची असेल तर मुंबई. सीमाभागातल्या एकाच उमेदवाराला दोन्हीकडे जावं लागतं आणि हे ऐनवेळी कळलं की महिना जातो. राज्यानंतर परराष्ट्र मंत्रालय. पुढे देशावर अवलंबून: ओमान, बहरीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी हे अपॉस्टिल करारात (एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मानण्याचा आंतरराष्ट्रीय करार) आहेत, त्यामुळे मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का चालतो. अमिरात, कतार आणि कुवेत त्या करारात नाहीत, त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. अपॉस्टिल मारून कुवेतला निघालेला कागद परत येतो, आणि घाई असताना हीच चूक सर्वांत जास्त होते.

युरोपीय देशांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. अर्ज कुठल्या वाणिज्य दूतावासाकडे जायचा हे तुमच्या राहत्या राज्यावर ठरतं. निपाणीहून मुंबई सोयीची वाटते, पण कर्नाटकात राहणाऱ्याचा जर्मन व्हिसा बेंगळुरूकडे जातो. पुण्यात नोकरी करत असाल आणि मुंबईत अर्ज द्यायचा असेल तर पुण्यात राहत असल्याचा पुरावा आधीच तयार ठेवा.

आखाती देश: कफील, इकामा आणि नंबर

आखातात कामाचा व्हिसा म्हणजे मालकाने काढलेला परवाना. त्या मालकाला कफील म्हणतात. गेल्या काही वर्षांत मालक बदलायचे नियम सैल झाले, पण सगळीकडे सारखे नाहीत.

अमिरातीत आधी ६० दिवसांचा प्रवेश परवाना येतो. तिथे उतरल्यावर मेडिकल, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी आणि मग साधारण दोन वर्षांचा रहिवासी व्हिसा. कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर अरबी, इंग्रजी आणि कामगाराला कळेल अशा तिसऱ्या भाषेत मिळतं. हिंदीतलं मागून घ्या आणि त्यातला मूळ पगार वेगळा वाचा, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. ४०० मूळ आणि १,१०० भत्ते असा १,५०० चा आकडा आणि १,००० मूळ आणि ५०० भत्ते असा १,५०० चा आकडा, हे दोन्ही सारखे नाहीत. परीक्षाकाळ सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. भेटीच्या व्हिसावर कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, पण तिथून परत पाठवतात ते कामगारालाच.

सौदीत उतरल्यावर इकामा निघतो, म्हणजे राहण्या-कामाचं ओळखपत्र. व्हिसावर लिहिलेला व्यवसाय आणि हातातलं काम जुळलं पाहिजे. वेल्डरला 'आमिल' म्हणजे मजूर म्हणून नेला तर पगारवाढ, बदली आणि कौशल्य चाचणी तिन्ही अडतात. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशा ट्रेडना भारतातच कौशल्य चाचणी द्यावी लागते. करार सौदी सरकारच्या 'किवा' पोर्टलवर नोंदलेला असावा, तुम्ही तो मोबाईलवर बघून मंजूर करायचा असतो. मालकाने 'हुरूब' म्हणजे पळून गेल्याची नोंद टाकली की सगळं अवघड होतं. म्हणून पगार थकला तर खोली सोडून जाण्याआधी कामगार कार्यालयात तक्रार नोंदवा.

कुवेतला व्हिसा नंबराने ओळखतात. १८ नंबर म्हणजे खाजगी कंपनी, २० नंबर म्हणजे घरकाम: चालक, स्वयंपाकी, मोलकरीण. एजंट 'कंपनी ड्रायव्हर' म्हणतो आणि कागद २० नंबरचा निघतो, हे फार होतं. २० वरून १८ वर जाणं बंधनातलं आहे, ते सरकार कधीमधी थोड्या मुदतीसाठीच उघडतं. कागद हातात आला की आधी नंबर बघा.

कतारची पद्धत कामगाराच्या बाजूने चांगली आहे. करारावर सही, ठसे आणि मेडिकल भारतातल्या कतार व्हिसा केंद्रात होतं. आपल्याला सोयीचं म्हणजे मुंबई किंवा हैदराबाद, बेंगळुरूला ते नाही. तिथे करार समजेल त्या भाषेत वाचायला मिळतो आणि आधी सांगितलेला पगार नसेल तर सही न करता परत येता येतं. किमान वेतन मार्च २०२१ पासून १,००० रियाल आहे, आणि मालक जेवण-राहणं देत नसेल तर ३०० आणि ५०० वेगळे.

आखाती मेडिकलची चिठ्ठी वाफिद पोर्टलवरून निघते आणि तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच होते. छातीच्या एक्स-रेत जुन्या क्षयरोगाचा डाग दिसला तर बरा झालेला माणूसही अपात्र ठरतो. पूर्वी क्षयरोग झाला असेल तर एजंटला पैसे देण्याआधी बेळगावातच स्वतः एक्स-रे काढून छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

जर्मनी आणि जपान: हातात कला असलेल्यांसाठी

बेळगावच्या फाउंड्री आणि मशिन शॉपमधल्या मुलांनी आखाताच्या पलीकडे बघावं, असं आमचं ठाम मत आहे. भाषा शिकायची तयारी लागते, पण व्हिसा मोकळा असतो.

जर्मनीत पदवीधरांसाठी ईयू ब्लू कार्ड हा राहण्या-कामाचा परवाना आहे. २०२६ साठी वार्षिक पगाराची अट ५०,७०० युरो, आणि टंचाई असलेले व्यवसाय किंवा पदवी घेऊन तीन वर्षं न झालेले यांच्यासाठी ४५,९३४.२० युरो. दरवर्षी जानेवारीत हा आकडा बदलतो. पदवी आणि विद्यापीठ 'अनाबिन' या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत कुठल्या दर्जाने आहे ते आधी तपासा. पदवी नसेल तर मार्च २०२४ पासून अनुभवाचा रस्ता उघडलाय: भारतात सरकारमान्य किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव, आणि ठरलेल्या किमान पगाराची ऑफर. मशिनिस्ट, टर्नर यात बसतात, एक वर्षाचा वेल्डर बसत नाही. अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घ्या. त्यात तारखा, मशिनची नावं आणि रोजचं काम लिहिलेलं असावं, आणि पगार बँकेत जमा झाल्याच्या नोंदी जोडाव्यात. रोखीने पगार घेतलेला अनुभव कागदावर नसतोच, म्हणून आजपासूनच पगार खात्यात मागा.

ऑफर नसताना जाऊन नोकरी शोधायची तर जून २०२४ पासून 'शान्सनकार्ट' आहे. त्यावर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण खर्चाचे पैसे बंद खात्यात दाखवावे लागतात. नर्सना नोंदणीसाठी जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत लागते. सहा महिन्यांत बी-२ करून देतो म्हणणाऱ्या क्लासपेक्षा वर्षभराचा हिशोब धरलेला बरा.

जपानचा 'तोकुतेइ गिनो' म्हणजे विशिष्ट कौशल्याचा व्हिसा एप्रिल २०१९ ला सुरू झाला. जपानी भाषेची एन-४ पातळी किंवा जेएफटी परीक्षा आणि त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा, एवढं पुरतं. पदवी लागत नाही. ओतकाम आणि मशिनिंग दोन्ही त्याच्या क्षेत्रांत आहेत. पहिल्या श्रेणीत एकूण पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही, पण त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो. जुन्या 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' व्हिसावर तसं सहज बदलता येत नाही, आणि तो प्रकार एप्रिल २०२७ पासून बदलला जाणार आहे. एजंट 'जपान व्हिसा' म्हणाला तर यातला कुठला, ते विचारा.

इंग्लंड आणि अमेरिका

इंग्लंडच्या 'स्किल्ड वर्कर' व्हिसाला २२ जुलै २०२५ पासून पदवी पातळीचं काम आणि सर्वसाधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो. वृद्धांची काळजी घेणाऱ्या केअर वर्करची परदेशातून भरती त्याच दिवशी बंद झाली. आजही केअर व्हिसासाठी पैसे मागणारा माणूस बंद झालेल्या दाराची किल्ली विकतोय. नर्सचा 'हेल्थ अँड केअर' व्हिसा चालू आहे. परवानाधारक मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर जाहीर असते, कंपनीचं नाव त्यात शोधायला पाच मिनिटं लागतात. व्हिसासाठी मालक जे प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र देतो त्याचं शुल्क मालकानेच भरायचं, ते कामगाराकडून घेता येत नाही.

अमेरिकेचा एच-१बी हा पदवीधरांचा कामाचा व्हिसा दरवर्षी ६५,००० आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २०,००० एवढाच. नोंदणी मार्चमध्ये, काम १ ऑक्टोबरपासून, तीन-तीन करून सहा वर्षं. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या उमेदवारांच्या अर्जांवर १ लाख डॉलरचा आकार लागू झाला, त्यामुळे लहान कंपन्या मागे सरल्या. बहुराष्ट्रीय कंपनीत भारतात एक वर्ष काम झालं असेल तर एल-१ ने बदलीवर जाता येतं: व्यवस्थापकाला सात, विशेष ज्ञान असलेल्याला पाच वर्षं. एल-१ वर मालक बदलता येत नाही, एच-१बी वर नव्या मालकाने अर्ज केला की येतो. लग्न झालेल्यांनी आणखी एक फरक बघावा: एल-१ वाल्याच्या जोडीदाराला काम करता येतं, एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोचल्याशिवाय येत नाही.

पर्यटक व्हिसावर नोकरी

थायलंड, कंबोडिया, लाओस, म्यानमारमध्ये 'डेटा एंट्री' म्हणून नेलेल्या भारतीय मुलांना ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवल्याची प्रकरणं आहेत. २०२४ मध्ये रशियात मदतनीस म्हणून नेऊन युद्धात ढकललेल्यांत कर्नाटकातल्या कलबुर्गीचे तरुण होते. त्यांना नेणाऱ्यांनी बढाया मारल्या त्या पगाराच्या, व्हिसाचा प्रकार कुणी विचारलाच नाही. तिकीट पर्यटक व्हिसावरचं असेल तर नोकरी नाही असं समजून घरी राहा.

निघण्याआधी

व्हिसा, करार, पासपोर्ट, विम्याची पावती आणि एजंटची पावती या सगळ्यांच्या दोन प्रती करा. एक घरी अशा माणसाकडे द्या ज्याला इंग्रजी वाचता येतं, दुसरी मोबाईलमध्ये आणि ईमेलवर ठेवा. व्हिसावरचा व्यवसाय, मालकाचं नाव आणि पगार करारातल्याशी शब्दशः जुळतो का ते विमानतळावर जाण्याआधी बघा. नंतर दुरुस्त होईल यावर विसंबू नका. तिथे पोचल्यावर पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं आखाती देशांतही कायद्याला धरून नाही. नोंदणीसाठी घेतला तर परत कधी मिळेल ते लिहून घ्या. पगार थकला, मारहाण झाली, परत येऊ देत नाहीत, असं काही झालं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार टाकता येते. त्यासाठी पासपोर्ट क्रमांक लागतो, म्हणून तो घरच्यांना आजच लिहून द्या.